मुत्सद्द्याचा पिंड आणि राष्ट्राचे परराष्ट्रधोरण

ग्लॅडस्टन आणि डिझरायली या दोन इंग्रज मुख्य प्रधानांची अधिकृत चरित्रे एकापाठोपाठ एक वाचण्याचा उद्योग सहसा कोणी करीत नाही. आणि तो न करण्यास कारणही सबळ आहे. जॉन मोर्ले यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेले ग्लॅडस्टनचे चरित्र तीन जाडजूड खंडांचे आहे, तर मनीपेनी व बकल या दोघांनी १९१० पासून १९२० पर्यंत पुरे केलेले डिझरायलीचे चरित्र सहा खंडांचे आहे. तथापि, निदान १८७६ ते १८८० या चार वर्षांवरील प्रकरणे तरी जो कोणी शेजारी शेजारी ठेवून वाचील, त्यास एक चमत्कारिक अनुभव आल्यावाचून राहणार नाही. राणी तीच, पार्लमेंट तेच, कॉन्स्टँटिनोपलहून येणारे खलितेही तेच; परंतु एका ग्रंथातले इंग्लंड दुसऱ्या ग्रंथातल्या इंग्लंडास ओळखही देत नाही.

हा केवळ चरित्रकारांच्या पक्षपाताचा परिणाम नव्हे. पक्षपात दोघांतही आहे, मोर्ले यांच्यात तर तो भक्तीच्या पायरीस पोहोचतो. पण तो वजा केला तरी काही शिल्लक उरतेच. परराष्ट्रधोरणाविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात दोन मते रूढ आहेत आणि ती दोन्ही आळसातून जन्मलेली आहेत, असे मला वाटते. पहिले मत पामर्स्टनच्या त्या प्रसिद्ध उद्गारावर उभे आहे: राष्ट्राला कायमचे मित्र नसतात, कायमचे शत्रू नसतात, कायमचे असतात ते हितसंबंध. हे पत्करले की प्रधान कोण आहे याची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. दुसऱ्या मताप्रमाणे इतिहास म्हणजे थोर पुरुषांच्या लहरींची बखर. पहिल्या मताने माणूस वगळला, दुसऱ्याने जग वगळले. पूर्वेचा प्रश्न म्हणून जो इतिहासात प्रसिद्ध आहे, तो या दोहोंनाही पुरून उरतो. हितसंबंध मुके असतात. संकट दाराशी आले म्हणजे त्यांच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते; आणि तो बोलणारा कोणाचे ऐकतो, कोणते वर्तमान खरे मानतो व कोणते बाजारगप्पा म्हणून झटकून टाकतो, हे त्याच्या पिंडावर अवलंबून असते. माझा सारा रोख या ऐकण्यावर आहे.

प्रथम हितसंबंधांचा हिशेब उरकून घेऊ, कारण तो लहान आहे. तुर्की साम्राज्य खिळखिळे झाले होते. त्याचे तुकडे पडले तर रशिया भूमध्य समुद्रात उतरेल आणि १८६९ साली खुल्या झालेल्या सुएझ कालव्याच्या वाटेवर, म्हणजे पर्यायाने हिंदुस्थानच्या वाटेवर, येऊन बसेल, ही इंग्रजांची धास्ती होती. ही धास्ती दोन्ही पक्षांची सामाईक मालमत्ता होती. तुर्कस्तानच्या रक्षणासाठी १८५४ साली क्रायमियाचे युद्ध सुरू झाले, तेव्हा ते सुरू करणाऱ्या प्रधानमंडळात अर्थमंत्री म्हणून ग्लॅडस्टन स्वतः बसलेला होता. तेव्हा भेद हितसंबंधांच्या जाणिवेत नव्हता.

तो कोठे होता, हे पाहावयाचे तर राजकारणाच्या दप्तरांपेक्षा या दोघांच्या वाङ्मयाकडे वळणे अधिक फलदायी होईल. डिझरायली १८३०-३१ साली, ऐन पंचविशीत, पूर्वेकडे प्रवासास गेला. अल्बेनियातील बंड मोडावयास निघालेल्या तुर्की फौजेत स्वयंसैनिक म्हणून शिरावे, असे त्याच्या मनात होते. पुढे यानिना येथे वजिराच्या दरबारात तो मोठ्या थाटाने जाऊन आला आणि तेथून कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, कैरो असा फिरला. जन्माने यहुदी, बाप्तिस्म्याने ख्रिस्ती आणि पोशाखाने छानछोकी अशा या तरुणास पूर्व दिशेने जी मोहिनी घातली, ती अखेरपर्यंत उतरली नाही. १८४७ साली प्रसिद्ध झालेली त्याची 'टँक्रेड' ही कादंबरी कादंबरी या दृष्टीने बेताचीच आहे. पूर्वार्धातला लंडनचा उपहास चटकदार आहे; पण नायक जेरुसलेमास पोहोचला की कथानकाचे तारू वाळूत रुतते आणि पात्रे एकमेकांस व्याख्याने देऊ लागतात. मात्र त्यातला फकरेद्दीन नावाचा लेबनॉनचा अमीर एक विलक्षण मसलत देतो: इंग्लंडच्या राणीने आपले आरमार, खजिना आणि सरदार घेऊन लंडन सोडावे आणि साम्राज्याची गादी दिल्लीस न्यावी. ग्रंथकाराने हे थट्टेने लिहिले असे म्हणावे, तर बरोबर तीस वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, त्याच ग्रंथकाराच्या कारभारात दिल्लीस दरबार भरून राणीच्या सम्राज्ञीपदाची द्वाही फिरविली गेली. त्या वेळी मुंबई आणि मद्रास इलाख्यांत दुष्काळाने माणसे मरत होती. आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी हाताने कातलेल्या सुताचे कपडे अंगावर घालून त्या झगमगाटात उभे होते. फकरेद्दीनच्या मसलतीत हे दृश्य नव्हते.

डिझरायलीच्या मनाचा हा कल एकदा ध्यानी आला म्हणजे १८७५ च्या नोव्हेंबरातील सुएझची खरेदी नीट समजते. इजिप्तचा कर्जबाजारी खेदिव इस्माईल आपले १,७६,६०२ भाग विकावयास निघाला आहे, असे कळताच पार्लमेंटची बैठक नसतानाही डिझरायलीने रॉथ्सचाइल्डच्या पेढीवरून चाळीस लक्ष पौंड उचलले आणि ते भाग विकत घेतले. सावध कारभाऱ्याने आधी समिती नेमली असती. संधीचा वास या पुरुषास इतरांपेक्षा दोन दिवस आधी येई, हा त्याचा गुण. आणि ज्या ठिकाणी भव्य देखावा नसे तेथे त्याचे लक्षच लागत नसे, हा त्याचा दोष.

ग्लॅडस्टनचे शिक्षण निराळ्या गुरूंकडे झाले होते. होमरवर तीन खंड लिहिणारा हा गृहस्थ पूर्वेकडे ग्रीकांच्या आणि ख्रिस्ती मठांच्या डोळ्यांनी पाही. १८५०-५१ च्या हिवाळ्यात तो नेपल्सला गेला असता तेथील तुरुंगांत राजकीय कैद्यांचे जे हाल त्याने पाहिले, त्यांवर त्याने लॉर्ड अॅबर्डीन यास उद्देशून प्रसिद्ध केलेल्या पत्रांनी सारे युरोप ढवळून निघाले. त्याच्या मनाची ठेवण अशी, की एखाद्या अन्यायाची खात्री पटेपर्यंत तो दगडासारखा थंड असे आणि खात्री पटली की वणव्यासारखा पेट घेई. भक्तमंडळी या थंडपणाचा उल्लेख टाळतात. रिचर्ड शॅनन याने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात स्पष्टच दाखवून दिले आहे, की बल्गेरियाविषयीची चळवळ ग्लॅडस्टनने उत्पन्न केली नाही. ती आधीच पेटली होती, तो तिच्यात मागाहून आला. माझ्या मते यामुळे त्याची थोरवी कमी होत नाही. उलट त्याचा पिंड अधिक स्पष्ट दिसतो. त्याला लोकांतून वर येणारा आवाज ऐकू येई. डिझरायलीला तो गोंगाट वाटे.

आता त्या वर्तमानाकडे येऊ. १८७६ च्या एप्रिलात बल्गेरियन लोकांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला आणि बाशीबुझूक नावाच्या बेकायदा शिपाई टोळ्यांनी तो अमानुष रीतीने मोडून काढला. बाटाक या एका गावातच हजारोंची कत्तल झाली. २३ जूनच्या 'डेली न्यूज' पत्रात ही हकीकत प्रथम छापून आली. जुलैत पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, तेव्हा डिझरायलीने उत्तर दिले की पौर्वात्य लोक छळ करीत बसत नाहीत, अपराध्याशी असलेला संबंध ते अधिक झटपट रीतीने संपवितात. सभागृहात हशा पिकला. आपला विनोद करण्याचा हेतू नव्हता, असे त्याचे म्हणणे होते व बकल यांनी ते मनापासून मांडले आहे. आपणही ते खरे मानू. पण पुढे त्याच महिन्यात त्याने एका हकीकतीची कॉफीच्या दुकानातील वटवट म्हणून वासलात लावली, ती का? खोटे बोलावयाचे म्हणून नव्हे. वकील सर हेन्री एलियट याच्याकडून आलेले कागद अपुरे होते, आणि अपुऱ्या कागदांतील रिकाम्या जागा प्रत्येक जण आपापल्या स्वभावाने भरतो. ज्याने यानिनाच्या वजिराचे आदरातिथ्य चाखले होते, त्याला तुर्क म्हणजे आळशी, दिलदार, जुन्या घराण्यातला जहागीरदार वाटे. त्याच्या हातून असे घडेल, ही कल्पनाच त्याच्या मनात शिरेना. पुढे वॉल्टर बेअरिंग या सरकारी अधिकाऱ्याने जागेवर जाऊन चौकशी केली व मृतांचा आकडा सुमारे १२,००० दिला. तोपर्यंत उन्हाळा सरला होता.

एलियटचा ४ सप्टेंबरचा खलिता याहून बोलका आहे. दहा हजार मेले की वीस हजार, याने तुर्कस्तान टिकविण्यातील इंग्लंडच्या हितात काही फरक पडत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. हितसंबंधांची भाषा इतक्या निर्भेळ स्वरूपात क्वचितच वाचावयास मिळते. आणि तिने हितसंबंधांचे किती नुकसान केले, हे पुढील दोन वर्षांत दिसून आले.

दोनच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, ग्लॅडस्टनची 'बल्गेरियातील अत्याचार आणि पूर्वेचा प्रश्न' ही पुस्तिका बाहेर पडली. १८७५ साली पक्षाचे पुढारीपण सोडून तो घरी बसला होता आणि पापी मनुष्यास परलोकात काय शासन होते, यावर टिपणे करीत होता. ती टिपणे बाजूस ठेवून कंबरदुखीने अंथरुणाला खिळलेला असताना त्याने हे लिहिले. तीन-चार दिवसांत ४०,००० आणि महिनाअखेर २,००,००० प्रती खपल्या. इतकी गाजलेली ही कृती वाचावयास घेतली म्हणजे मात्र वाचकाचा विरस होतो. तिचा पुष्कळसा भाग कोणता खलिता कोणत्या तारखेस आला आणि सरकारने पार्लमेंटास केव्हा काय सांगितले, या रुक्ष छाननीने भरलेला आहे. ज्वाला भडकते ती शेवटाकडील थोड्या वाक्यांत. पण त्या छाननीतच पुस्तिकेचे सामर्थ्य आहे, असे मी म्हणेन. कारण ऐकावयाचे नाकारले कसे, हेच ग्लॅडस्टन तारीखवार सिद्ध करतो. तिच्यातले खरे वैगुण्य वेगळे आहे. तुर्की राज्यकर्त्यांचा निषेध करता करता तो सबंध तुर्क जातीलाच मनुष्यजातीचा कलंक ठरवून मोकळा होतो. ज्याला एका गावाची किंकाळी ऐकू आली, त्यालाच दुसऱ्या जातीची माणसे माणसे म्हणून दिसेनाशी झाली. याच साम्राज्यात पुढील वर्षीच्या युद्धात मुसलमान शेतकऱ्यांचीही घरेदारे उद्ध्वस्त झाली. त्यांच्यासाठी पुस्तिका निघाली नाही.

या दोन मल्लांच्या कुस्तीत परराष्ट्रमंत्री लॉर्ड डर्बी याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, हे मला अन्यायाचे वाटते. त्याचा पिंड तिसराच. काही करण्यापेक्षा काही न करणे बहुधा शहाणपणाचे असते, ही त्याची ठाम समजूत होती. मुख्य प्रधान रशियाला धाक घालीत असे आणि परराष्ट्रमंत्री तो धाक पोकळ करीत असे. एवढेच नव्हे, तर लेडी डर्बी प्रधानमंडळातील खलबते रशियन वकील शुवालोव्ह यास कळवीत असे. सीटन-वॉटसन याने १९३५ च्या आपल्या ग्रंथात रशियन वकिलातीतले कागद वापरून हे सारे उजेडात आणले. लेडी डर्बीचे वर्तन कोणत्याही देशात अक्षम्यच ठरेल. परंतु तिच्यामुळे सेंट पीटर्सबर्गला नेमके इतके कळत राहिले की इंग्लंड अजून लढावयास तयार नाही, आणि दोन्ही देशांत अविचाराने युद्ध पेटले नाही, असाही एक पक्ष मांडता येईल. मी तो मांडून सोडून देतो. १८७८ च्या मार्चात डर्बीने राजीनामा दिला आणि सॉल्सबरी त्या जागी आला, तेव्हा कोठे धोरणास एक तोंड मिळाले.

बर्लिनची परिषद १३ जून ते १३ जुलै १८७८ अशी महिनाभर चालली. तिची वर्णने सर्वत्र आहेत, म्हणून येथे देत नाही. रशियाने सान स्टेफानोच्या तहाने निर्माण केलेली मोठी बल्गेरिया डिझरायलीने कापून तिचे तुकडे केले, मॅसिडोनिया सुलतानास परत देवविला आणि आपण सन्मानासह शांतता आणली, असे घरी येऊन सांगितले. हेच शब्द १९३८ साली म्यूनिकहून परतलेल्या चेंबरलेनच्या तोंडी पुन्हा आले, ही इतिहासाची क्रूर थट्टा होय. कापलेले दोन तुकडे सातच वर्षांत, १८८५ साली, एक झाले. आणि त्यांचे एकीकरण उचलून धरणारा इंग्रज मुख्य प्रधान होता सॉल्सबरी, जो बर्लिनला डिझरायलीच्या शेजारी बसून ते कापीत होता! बल्गेरिया रशियाची बटीक होईल, ही भीती खोटी ठरली होती. मॅसिडोनियाचा फोड १९१२ पर्यंत चिघळत राहिला.

आता आपल्याकडे पाहू. कारण या प्रकरणाची झळ हिंदुस्थानला लागली ती दूरची नव्हती. पुढाऱ्याचा पिंड त्याच्या भाषणांपेक्षा त्याने नेमलेल्या माणसांतून अधिक काम करतो. डिझरायलीने १८७६ साली व्हाइसरॉय म्हणून लिटनला पाठविले. हा टोपणनावाने कविता लिहिणारा गृहस्थ. त्या जागी महत्त्वाकांक्षा, कल्पकता, थोडी अहंता आणि पुष्कळ इच्छाशक्ती असलेला माणूस हवा होता, असे डिझरायलीने पुढे लिहिलेही. थोडक्यात, त्याने आरशात पाहून निवड केली. परिणाम असा झाला, की लंडनहून थांबण्याची सूचना असता लिटनने १८७८ च्या सप्टेंबरात खैबरच्या वाटेने शिष्टमंडळ दामटले, ते अडविले गेले आणि अफगाणिस्तानशी दुसरे युद्ध जुंपले. मुख्य प्रधान मनात चडफडला, पण आपल्याच प्रतिबिंबास रागे भरणार कसा? त्याच वर्षी एप्रिलात पार्लमेंटची सुट्टी लागताच सुमारे ७,००० हिंदी शिपाई माल्टास नेण्याचा हुकूम जाहीर झाला. आणि त्याच्याच आधीच्या महिन्यात देशी भाषांतील वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदा एका बैठकीत संमत करण्यात आला. सीमेवर युद्धाची तयारी चालू असता घरातली कुरबूर नको, हा न्याय आपल्या पुढे चांगलाच परिचयाचा झाला.

ग्लॅडस्टनने या कायद्याविरुद्ध पार्लमेंटात आवाज उठविला. १८७९ च्या नोव्हेंबरात मिडलोदियन येथील मोहिमेत तर तो अफगाण डोंगरांतल्या बर्फाने झाकलेल्या खेड्यांविषयी बोलला; तेथील जीवही ईश्वराच्या दृष्टीने श्रोत्यांच्या जीवाइतकाच पवित्र आहे, असे त्याने स्कॉटलंडच्या बायाबापड्यांस सांगितले. निवडणुकीच्या भाषणात असे काही म्हणावयास धैर्य लागते. तो १८८० साली अधिकारावर आला, लिटन गेला, रिपन आला. १८८१ साली कंदाहार सोडून देण्यात आले आणि १८८२ च्या जानेवारीत वृत्तपत्रांचा कायदा रद्द झाला. 'केसरी'चा पहिला अंक १८८१ च्या जानेवारीत निघाला, तेव्हा तो कायदा अजून पुस्तकात होता. वर्षभरात तो गेला. लंडनमध्ये प्रधान कोण आहे याने आपल्याला काही फरक पडत नव्हता, असे म्हणणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तरी हिशेबात धरावी.

परंतु हिशेब येथेच थांबविणे ग्लॅडस्टनच्या भक्तांना सोयीचे, सत्यास नव्हे. २७ जुलै १८८० रोजी मैवंदच्या रणात अयूब खानाने मुंबई फौजेच्या पलटणींची जी धूळधाण केली, ती ग्लॅडस्टनच्याच कारकीर्दीत. सुमारे अडीच हजारांच्या त्या तुकडीतले हजाराच्या आसपास लोक पडले. मागच्या प्रधानाने मांडलेला डाव नव्या प्रधानास एका रात्रीत मोडता येत नाही, हे कबूल. पण इजिप्तचे काय? अराबी पाशाचा उठाव झाला आणि ११ जुलै १८८२ रोजी इंग्रज आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. वृद्ध जॉन ब्राइटने प्रधानमंडळाचा राजीनामा दिला. सप्टेंबरात तेल-एल-केबीर येथे वूल्झलीने निकाल लावला. हिंदी पलटणी तेथेही होत्या आणि खर्चाचा काही बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवरही पडला. ज्या कालव्याच्या भागखरेदीस ग्लॅडस्टनने विरोध केला होता, त्याच कालव्यासाठी हे घडले. त्याच्या रोजनिशीचे संपादक मॅथ्यू यांनी दाखविले आहे, की त्या वेळी त्याच्या खाजगी गुंतवणुकीचा तृतीयांशाहून अधिक हिस्सा इजिप्तच्या कर्जरोख्यांत होता. त्याने पैशासाठी युद्ध केले असा आरोप मी करणार नाही. त्याच्या स्वभावात तो बसत नाही. पण अराबी म्हणजे लष्करी पुंड आणि आपण म्हणजे सुव्यवस्थेचे रक्षक, हे वर्तमान त्याला इतक्या सहज पटले कसे? नेपल्सच्या कैद्यांचा आवाज ऐकणारे कान या वेळी मिटलेले होते. कब्जा तात्पुरता असल्याचे जाहीर झाले. शेवटची इंग्रज तुकडी सुएझहून निघाली ती १९५६ साली.

मोर्ले यांच्या ग्रंथातील सर्वांत दुबळा भाग हाच. एरवी त्यांचे गद्य पोलादासारखे ठणठणीत. पण इजिप्तपाशी येताच ते वकिली करू लागते, परिस्थिती, युरोपातील सत्तांची चालढकल, सहकाऱ्यांचा आग्रह अशी कारणे एकावर एक रचते, आणि ज्या मनाचे ते चरित्र लिहीत आहेत त्या मनात त्या आठवड्यांत काय चालले होते, हे सांगावयाचे राहून जाते. हेच मोर्लेसाहेब १९०५ साली भारतमंत्री झाले तेव्हा आपल्याकडील नेमस्त मंडळींनी ग्लॅडस्टनचा शिष्य म्हणून त्यांच्याकडे किती आशेने पाहिले आणि १९०८ साली त्यांच्याच कारकीर्दीत लोकमान्यांना सहा वर्षांची सजा झाली, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. गुरूच्या बाबतीत जे कोडे त्यांनी न सोडविता सोडले, तेच पुढे त्यांच्या स्वतःच्या दाराशी येऊन बसले.

उलट बाजूने पाहता बकल यांच्या अखेरच्या खंडातील म्हातारा, खोकल्याने जर्जर झालेला डिझरायली अधिक जिवंत वाटतो; कारण त्याच्या चुका झाकण्याची चरित्रकाराला फारशी निकड वाटत नाही. १८८१ च्या एप्रिलात तो वारला.

ग्लॅडस्टन आणखी सतरा वर्षे जगला. १८९४ पासून तुर्की मुलखात आर्मेनियन लोकांच्या कत्तली सुरू झाल्या, तेव्हा १८९६ च्या सप्टेंबरात, शहाऐंशी वर्षांचा असताना, तो लिव्हरपूलला सभेत उभा राहिला आणि वीस वर्षांपूर्वीच्या त्याच सुरात बोलला. त्या भाषणाने सरकार हलले नाही; हलला तो त्याच्याच पक्षाचा पुढारी रोझबरी, ज्याने पंधरवड्यात पुढारीपणाचा राजीनामा दिला. मुख्य प्रधान सॉल्सबरी होता. १८९७ च्या जानेवारीत सरदारांच्या सभेत त्याने कबुली दिली, की क्रायमियाच्या वेळी इंग्लंडने आपला पैसा चुकीच्या घोड्यावर लावला होता. आर्मेनियाकडे एकही युद्धनौका गेली नाही. वस्तुतः १८७८ साली सुलतानाकडून सायप्रस बेट घेतले, ते त्याच्या आशियातील मुलखाचे रक्षण करावे आणि तेथील ख्रिस्ती रयतेसाठी त्याने सुधारणा कराव्यात, या कराराच्या मोबदल्यात. सुधारणा झाल्या नाहीत. बेट मात्र परत गेले नाही. १९६० साली ते स्वतंत्र झाले, तरी त्यावरील दोन लष्करी तळ आजही इंग्लंडच्याच ताब्यात आहेत.